मागे उरतं ते

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, घरी नाही. बाबांच्या दुकानात आहे… अगं, पाच वाजता भंगारवाला येणार ना. त्याला लोखंड वेगळं, पितळ वेगळं हवंय… एकटीच. दुसरं कोण असणार?… नाही गं, रडत नाहीये. वर्षभर बंद होतं दुकान, धूळ आहे नुसती.

चुंबक?… हो, तोच, सुतळी बांधलेला. खिळ्यावरच होता. किल्ल्यांवरून फिरवतेय. लोखंडी चटकन चिकटतात, पितळी ढिम्म हलत नाहीत… आठवतंय की! लोखंड, निकेल, कोबाल्ट. तू कोबाल्ट नेहमी विसरायचीस.

का म्हणजे?… अगं, कणाकणात इवले चुंबक असतात, असं नाही का सांगायचे बाबा? तांब्यात, सोन्यात ते जोडीजोडीने उलटसुलट बसतात आणि एकमेकांची ओढ फुकट घालवतात. लोखंडात काही बिनजोडीचे राहतात. ते मग शेजाऱ्याकडे बघून एकाच बाजूला तोंड करतात… हो, बिनजोडीचे, माझ्यासारखे. हस तू.

ताई, ऐक ना… नाही, आधी ऐक. आईचं कानातलं इथे हरवलं होतं, फिरकी नीट करताना… हो, तुला द्यायचं म्हणूनच नीट करत होते. आणि मग चार दिवस बाबा चुंबक घेऊन जमिनीवर बसले होते. सोन्याचं कानातलं, आणि चुंबक!… तू एकटीच नाही, मीही म्हणाले, डोकं चालत नाही आता त्यांचं. म्हणून तर दुकानाची किल्ली काढून घेतली आपण…

चालत होतं गं… कशावरून काय! बाकाखाली डबा सापडलाय. नुसता लोखंडाचा कीस, दुसरा कण नाही त्यात. आणि शेजारी जमिनीवरच्या केराचं अर्धं पोतं… अगं, कळत नाही का? चुंबकाने सोनं शोधत नव्हते ते. लोखंड काढून टाकत होते. सगळं लोखंड गेलं की मागे जे उरेल, त्यात…

हॅलो?… हं. वाटलं, फोन गेला… बोलले का नाहीत? आपण विचारलं होतं?… आणि दुसऱ्यांची कुलुपं दोन मिनिटांत उघडणारा माणूस तो. स्वतःच्या दुकानाची एक किल्ली करून घेता आली नसती? वर्षभर, अगदी जाईपर्यंत, बाहेरच्या पायरीवर बसून राहिले… नको रडूस. किल्ली काढून घेताना मीही होतेच ना.

भंगारवाल्याला उद्या ये म्हणते. आधी हे पोतं संपवते… नाही, बोल तू, हात चालूच आहेत… हो ना, पितळेचा कीसही मागे राहतो, तोही पिवळाच. बोटांनीच चाचपावं लागतं… तू कधी येतेस?… बरं. सुट्टी मिळाली की… कळतं गं मला. नाही, रागावले नाही…

आई गं!… काही नाही, बोटाला टोचलं… थांब. थांब, ताई… कानातलं आहे. अगं, फिरकी लावलेली आहे याला! नीट केलं होतं त्यांनी, नीट करून झालं होतं, आणि मग…

ताई?… ऐकतेस ना?… हॅलो?… हॅलो?