तिसऱ्याची वेळ

श्रीरंग : झालं माझं! पाय संपले, सायकल पुढे रेटवत नाही. सुटतो मी, जा तुम्ही पुढे.

मल्हार : थँक्यू काका, मस्त ओढलंत! आता आम्ही तिघं बघतो. तुम्ही आरामात या.

श्रीरंग : आरामातच येणार. सात वर्षं आरामातच येतोय. पळा!

देवाप्पा : ए मल्हार, स्वल्प थांब! अभिराज मागं राहिला. टायर फुटलं त्याचं.

मल्हार : काय? आत्ता? बदलेल ना तो पटकन...

देवाप्पा : बदलून आपल्याला कुठलं गाठतोय? चारातले तिघंच उरलो की रे. अण्णा! सुटू नका, परत या!

श्रीरंग : अरे, मी रिकामा झालोय! अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ओतायचं आणि मग सुटायचं, हेच माझं काम ठरलं होतं ना? ते ओतलं. आता काय माती उरलीय?

मल्हार : काका, प्लीज. तिसऱ्याचं चाक रेषेवरून गेलं की संघाचं घड्याळ थांबतं. आता तिसरे तुम्ही आहात.

श्रीरंग : हे मला सांगतोस? अरे, म्हणून तर दर वर्षी चौथा होतो मी.

मल्हार : समोर बघा, ते पिवळे शर्ट. बेळ्ळंदूरवाले! आपल्या दोन मिनिटं आधी निघाले होते आणि आता दिसायला लागलेत. म्हणजे आपली वेळ त्यांच्याहून चांगली आहे. जिंकतोय आपण, काका!

श्रीरंग : जिंकत होतो म्हण.

देवाप्पा : बोलू नका अण्णा, दम घ्या. माझ्या चाकामागं राहा. वारा मी घेतो.

श्रीरंग : घे बाबा. तू भिंत हो, मी मागे लपतो.

देवाप्पा : हां, असंच. आता चढ आहे. हा बोम्मसंद्र्याचा चढ माझ्या कंपनीच्या दारातलाच. दिसतोय तेवढा वाईट नाही.

श्रीरंग : तुला नाही. मला आहे.

देवाप्पा : ए, ए! मल्हार! काय करायलास रे? अण्णा तुटले की मागं!

मल्हार : मी नेहमीच्याच स्पीडनं चाललोय!

देवाप्पा : नेहमीचं घरी ठेव. एकटाच पुढं जाऊन काय आरती ओवाळून घेणार आहेस? मागं फिर!

मल्हार : अरे, पण ते दिसेनासे झाले! मागच्या वर्षी ट्रॉफी त्यांनीच नेली. आणि सोमवारी ऑफिसात माझ्या शेजारी तोच बसतो, त्यांचा कॅप्टन!

श्रीरंग : मग... मला घ्यायचंच नव्हतंस. दुसरा कुणी बघायचास.

मल्हार : तसं नाही हो. काका, पाठीला हात लावू? थोडं ढकलतो.

श्रीरंग : खबरदार! मोटरसायकलवरून पंच बघतायत. हात लागला की सगळे बाद.

मल्हार : मग मी करू तरी काय?

श्रीरंग : हळू चालव. तुला जे कधीच जमलं नाही, तेवढंच कर.

देवाप्पा : नीलिमाक्का आल्यात का आज शेवटाला?

श्रीरंग : नाही. बायकोनं यायचंच बंद केलं. मी पोचेपर्यंत तुम्ही सगळे इडल्या खाऊन घरी गेलेले असता. मंडप उतरवत असतात, खुर्च्या गोळा करत असतात आणि ही बाई एकटी उभी. म्हणाली, आता मंडपवाले मला नावानं हाक मारतात.

मल्हार : आम्ही... कधी थांबलोच नाही ना?

श्रीरंग : घाई असते तुम्हाला. देवाप्पा, खरं सांगू? भीती वाटतेय मला. आजवर हरलो तर ते तुमचं हरणं असायचं. आज माझं असेल.

देवाप्पा : असू दे की. एकदा तुमचंही होऊ दे.

मल्हार : शेवटची कमान दिसली! देवाप्पा, तू मागे जा, पुढे मी होतो. काका, माझ्या चाकाला चिकटा. जास्त झालं तर ओरडा.

श्रीरंग : हळू!

मल्हार : केलं कमी.

श्रीरंग : अजून... हां. हेच धर.

मल्हार : काका, आहात ना मागे?

श्रीरंग : आहे. आता वाढव.

मल्हार : नक्की?

श्रीरंग : वाढव म्हणतो ना!

देवाप्पा : सरी, जमलं! चला अण्णा, चला, चला, चला!

(रेषेपलीकडे, मंडपाशी. श्रीरंग कठड्यावर बसलेला.)

मल्हार : लागलं बोर्डावर. दुसरे आलो. अगदी थोडक्यात गेलं.

श्रीरंग : माझ्यामुळे गेलं रे.

मल्हार : छे! चढावर तुम्हाला टाकून पळालो ना, तिथेच गेलं. ते माझं.

देवाप्पा : आता ह्याच्यावरून भांडा. अभिराज यायचाय अजून, बिचारा.

मल्हार : थांबू या त्याच्यासाठी. मंडप उतरवला तरी थांबू या.

देवाप्पा : अण्णा, फोन कुणाला लावायलात?

श्रीरंग : हॅलो, नीलिमा... पोचलो... अगं नाही, शर्यत अर्ध्यात नाही सोडली. तिघं बरोबर आलो... नाही, दुसरे... रडत नाहीये, धाप लागलीय... येतेस? इडल्या आहेत अजून. सावकाश ये, आज मी थांबतो.