पंचेचाळीसचं पान

नाही, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो — विश्वास ठेवायचा कुणावर, साहेब? पुस्तकावर की माणसावर? पुस्तकावर म्हणताय. बरोबर आहे, मीही पुस्तकाला मान देणारा माणूस — पाचवीत शाळा सुटली, पण जे शिकलो ते रद्दीत आलेल्या पुस्तकांतूनच शिकलो. बसा ना, त्या स्टुलावर बसा. तुमचं आडनाव लांब आहे, नावाची पट्टी कोरायला वेळ लागणार. घाई केली की अक्षर तिरकं जातं आणि मग परेडला अख्खी बटालियन तुमच्या छातीकडे बघत राहते — मागे एका इन्स्पेक्टरसाहेबांचं तसं झालं होतं, बदली होईपर्यंत त्यांना सगळे वाकडेसाहेब म्हणायचे. कचोरी घ्या. घ्या हो, कांद्याची आहे, समोरचा आत्ताच कढईतून काढतोय. चंपालालच्या दुकानात आलेला माणूस कोरड्या तोंडानं परत गेला असं या कॅम्पच्या गेटवर एकतीस वर्षांत झालेलं नाही.

पुस्तकाचं का विचारलं, सांगतो. बुधवारी तुमच्यापुढे एक माणूस येणार आहे. हवालदार पाबूदान. वरून कागद आलाय — याला बढतीपुरती सूट द्यावी की नाही, नव्या डॉक्टरांचं मत कळवा. — मला कसं ठाऊक? साहेब, आत टपाल फुटायच्या आधी त्याचा वास माझ्या दुकानात येतो. फीत, तारा, शिट्टीची दोरी, टोपीचा बिल्ला, सगळं इथूनच जातं, मग कुणाला काय मिळणार नि कुणाचं काय जाणार ते मला नाही कळणार तर कुणाला? तर पाबूदान. फाईल वाचली असेल तुम्ही. रंगांधळा, शेप-वन, म्हणजे तब्येतीचा पहिला दर्जा, नाही, म्हणून बढतीला अपात्र. आणि खाली एक ओळ — दोष लपवला. झालं, सव्वीस वर्षांची कमाई पुसली तेवढ्यात.

आता त्या फाईलमध्ये नाही ते ऐका. छत्तीसगडच्या जंगलात यांची कंपनी होती. पाबूदान पुढे, मागे अकरा जण. मध्येच तो थांबला, हात वर. मागचे म्हणतात, काय झालं? म्हणे, ती पानं बरोबर नाहीत. कुठली पानं? सगळीकडे पानंच पानं, हिरव्यात हिरवं. त्यांतला लाधूराम, पाठीवर रेडिओ म्हणून सगळ्यांत मागे, मला इथं उभा राहून सांगत होता — शेठ, पुढचे डोळे फाडफाडून बघतायत, कुणाला काही दिसत नाही, आणि हा म्हणतोय, ती तोडून आणून टाकलीत, त्यांची पाठ वर आहे. खाली सुरुंग निघाला. एवढा मोठा डबा. का दिसलं त्याला? तुम्ही डॉक्टर, तुम्हाला माहीत असणार. तुम्ही-आम्ही हिरव्याला भुलतो. त्याला हिरवं दिसतच नाही नीट, त्याला दिसतो आकार. अकरा माणसं घरी आली, साहेब, त्या वाईट डोळ्यांमुळे. आणि नियम काय म्हणतो? हा माणूस रायफल धरायला चालेल, जंगलात सगळ्यांच्या पुढे चालायला चालेल, मरायला तर चालेलच — फक्त खांद्यावर एक तारा लावायला चालणार नाही. वा! मी कापड विकतो, पण असली बेतणी नाही पाहिली कुठे.

भरतीच्या वेळी का नाही पकडला म्हणता? कोण पकडणार! मैदानात सातशे पोरं, एक डॉक्टर, ऊन असं की पारा फुटेल. छाती मोजली, गुडघे बघितले, जा. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, ते मी शपथेवर सांगतो. त्याला कळलं ते इथं, या गल्ल्यासमोर. नऊ वर्षं झाली. सकाळी धावत आला — शेठ, बापूजी गेले, दुपारची गाडी आहे, साफा दे. आमच्याकडे शोकाला पांढरा नाहीतर राखाडी. पांढरे संपले होते, मी म्हटलं, त्या घडीतला राखाडी घे, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, मी आपला एका टोपीच्या शिवणीत गुंतलो. बघतो तर हा आरशासमोर उभा, डोळ्यांतून पाणी चाललंय, आणि डोक्यावर बांधतोय — गुलाबी. लग्नाचा गुलाबी! मी म्हटलं, अरे पाबू, वेडा झालास का, बापाला पोचवायला निघालास की वरातीला? तो वळला. म्हणे, का? राखाडीच आहे ना? आणि माझं तोंड बघून त्याला कळलं. मलाही कळलं. मी दोन्ही साफे त्याच्या हातात दिले, आणि तो एकदा हा, एकदा तो, बोटानं चाचपून बघत राहिला — कापडाच्या स्पर्शातून रंग कळतो का म्हणून. सुताचा राखाडी मीच त्याच्या डोक्याला बांधला. जाताना एवढंच म्हणाला — शेठ, हे तुझ्या-माझ्यात.

हो. तुझ्या-माझ्यात म्हणाला.

पुढं हवालदारकीची तपासणी आली तसा तो घाबरला. आणि पुस्तक मी दिलं. तुमचंच ते ठिपक्यांचं पुस्तक, साहेब — एक म्हातारा कंपाउंडर निवृत्त झाला तेव्हा रद्दीत टाकून गेला होता. पानापानावर रंगीत ठिपके, ठिपक्यांत आकडा. मी त्याला तालावर बसवून दिलं, शाळेतल्या पाढ्यासारखं — बारा, आठ, एकोणतीस. पाच, तीन, पंधरा. चौऱ्याहत्तर, सहा... रोज दुपारी दुकान रिकामं असलं की तो इथं उभा आणि मी पानं उलटतोय. आणि त्या पुस्तकात एक पान मोठं गमतीचं आहे, तुम्हाला माहीत असेलच. तुम्हा-आम्हाला तिथे काही दिसत नाही, नुसते ठिपके. ज्याच्या डोळ्यांत दोष त्यालाच तिथे आकडा दिसतो. पंधराव्या पानाशी आलो की पाबूदान थांबायचा — शेठ, इथे पंचेचाळीस आहे की, लख्ख! मी म्हणायचो, गप्प, इथे काही नाही म्हणायचं. तो म्हणायचा, अरे पण दिसतोय. मी म्हणायचो, दिसतोय म्हणूनच नाही म्हणायचं. अख्ख्या पुस्तकात त्याला नीट वाचता येणारं तेवढं एक पान, आणि त्यावर मी त्याला मुकं राहायला शिकवलं. पास झाला. तीन फिती लागल्या. मला वाटलं, चला, एका माणसाचं भलं झालं. नंतर लाधूराम आला तोही तसाच पाठ करून —

काय? नाही, लाधूराम सुरुंगाची गोष्ट सांगायला आला होता. तो वेगळा. चहा सांगू का?

मग दोन वर्षांपूर्वी एएसआयची, म्हणजे हवालदाराच्या वरच्या एका ताऱ्याच्या हुद्द्याची, यादी आली. आमच्या कॅम्पात रीत आहे, साहेब — ज्याचं नाव यादीत, त्याचा तारा त्याची माणसं विकत घेतात, त्यानं स्वतः घ्यायचा नाही. जंगलातले ते अकरा जण आले, वाद घालत, हा नको, तो चकचकीत दाखव. एक तारा, खाली लाल-निळी पट्टी. डबीत घालून माझ्याकडेच ठेवला, तपासणी झाली की घेऊन जातो म्हणाले. त्यातच पाबूदानच्या मुलाचं लग्न ठरलेलं. गावाकडे त्याच्या भावानं पत्रिका छापूनसुद्धा टाकल्या, वर मोठ्या अक्षरात — ए.एस.आय. पाबूदान यांचे चिरंजीव. हा भावावर चिडला, आधी तारा तर लागू दे! पण मनातून सुखावला होता, एक पत्रिका मला आणून दिली, तिला हळदीचा हात लागलेला.

तपासणीला मागचे डॉक्टर होते, दस्तीदारसाहेब. पाबूदान छाती काढून उभा राहिला, तोंडात सगळा पाढा तयार — बारा, आठ, एकोणतीस. दस्तीदारांनी पुस्तक पहिल्या पानावर उघडलंच नाही. मधलंच पान काढून समोर धरलं. तेच. पंधरावं. आणि साहेब, सगळं पुस्तक ज्याला आयुष्यभर मुकं, त्याच्यापुढे एकदम आकडा उभा राहिला, स्वच्छ, मोठा. तो पाढा विसरला, मी शिकवलेलं विसरला, आणि पहिल्या बाकावरच्या पोरासारखा ओरडला — पंचेचाळीस, साहेब! दस्तीदारांनी पुस्तक मिटलं. पुढचं एक पानसुद्धा दाखवलं नाही. खोटं बोलत होता तोवर तो पात्र होता. आयुष्यात एकदा जे दिसलं ते सांगितलं, आणि गेला.

योगायोग? मीही लोकांना तसंच सांगतो. दस्तीदारांनी सहज मधलं पान उघडलं, नशीब एकेकाचं. — असं बघू नका, साहेब. तुमच्या पट्टीची चारच अक्षरं राहिलीत.

बरं. नव्हता योगायोग. तपासणीच्या आठवडाभर आधी दस्तीदारसाहेब इथं आले होते. त्याच स्टुलावर बसले होते. त्यांनाही कचोरी दिली होती मी. मोठे गंभीर गृहस्थ, हसायचेच नाहीत, आणि मला गिऱ्हाईक हसल्याशिवाय चैन पडत नाही — तो माझा रोग, त्याला तुमच्याकडे औषध नाही. दोन गोष्टी सांगितल्या, हसले नाहीत. वाकडेसाहेबांची सांगितली, नाही हसले. मग मी म्हटलं, अहो, आमच्या इथे एक शूर गडी आहे, बाप मेला तर गुलाबी साफा बांधून निघाला होता! नाव नाही घेतलं हां मी. नाव मुळीच नाही घेतलं. फक्त म्हटलं, जंगलात सुरुंग काढला तो. दस्तीदार हसले, साहेब. पोट धरून हसले. मला एवढं बरं वाटलं! पैसे देऊन पायरी उतरले, आणि परत वळून म्हणाले — चंपालाल, तुझी कचोरी छान आहे. आठवडाभरानं त्यांनी मधलं पान उघडलं.

चौकशी झाली तेव्हा दस्तीदारांनी ती साफ्याची गोष्ट त्याला ऐकवली, आणि विचारलं, आकडे पाठ कुणी करून दिले? म्हणाला, मीच केले, पुस्तक मला रद्दीत सापडलं. खोदून खोदून विचारलं. तेच उत्तर. माझं दुकान कॅम्पच्या जागेत आहे ना — त्यानं नुसतं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी फळकुटं रस्त्यावर. नाही घेतलं. आणि मला माहीत आहे, ती गोष्ट कुणी फोडली ते त्याला माहीत आहे. गुलाबी साफ्याची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, साहेब. ती डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर त्याला काय हिशोब मांडावा लागला असेल?

मूलाराम म्हणून एक आहे. पाबूदाननं त्याला नेम धरायला शिकवला, पाबूदानच्या आंघोळीचं पाणीसुद्धा हा मूलारामच काढून द्यायचा. त्याला तारा लागला. आता पाबूदान त्याला सॅल्यूट मारतो, टाच अशी वाजते की इथे ऐकू येते. मूलाराम बिचारा दुसऱ्या वाटेनं जातो, पण हा मुद्दाम जाऊन समोर उभा राहतो. दोनशे पत्रिकांवरचं ते ए.एस.आय. त्यानं बसून बॉलपेननं खोडलं, प्रत्येकीवर. भाऊ म्हणाला, राहू दे, कोण बघतंय? म्हणाला, लिहिलेलं खोटं राहू द्यायचं नाही. आणि लग्नाचे साफे घ्यायला माझ्याकडे नाही आला. मी गेलो होतो लग्नाला, न बोलावता. मंडपात सगळे केशरी, गुलाबी, पाचरंगी, आणि वराचा बाप — पांढराशुभ्र. पोराच्या लग्नात! बायका कुजबुजत होत्या, कुणाचं सुतक आहे का म्हणून. मला कळलं. पांढऱ्यात फसवणूक होत नाही. पांढरा बांधायला कुणाला विचारावं लागत नाही. माझ्यासमोर ताट आलं, लाडू होते, मी उठून आलो. रस्त्यानं जाताना तो माझ्या दुकानाकडे बघत नाही. कधीच नाही. तीन वर्षं राहिलीत त्याची.

हा बघा तारा. डबी दोन वर्षं खणात आहे. त्या अकरांपैकी कुणी परत मागायला आलं नाही. बुधवारी तुमच्या एका ओळीवर आहे, साहेब, ही डबी उघडते की — लिहा एवढंच की, डोळा असा आहे, आणि या डोळ्यानं असं काम केलंय. मी काही खोटं लिहा म्हणत नाही.

ही घ्या तुमची पट्टी. सरळ आलीय ना? — कोण? लाधूराम? कशाला विचारताय? रेडिओवर आहे तो, पण त्याचं काय — त्याची यादी तर पुढच्या महिन्यात — थांबा. थांबा, साहेब. खिशातून डायरी का काढलीत?

त्याला तीन मुली आहेत, साहेब. मी काही बोललोच नाही. मी रंगाचं नाव काढलं का त्याच्या? तुम्ही बसलात, चांगलं ऐकत होतात, मला वाटलं... नाही, कचोरीचे पैसे नकोत. पट्टीचेही नकोत. जा तुम्ही, मला दुकान बंद करायचंय आता.

साहेब. लिहितच असाल तर वरपासून लिहा. पहिलं नाव चंपालाल, दुकान गेटसमोर — पुस्तक यानं दिलं, पाढा यानं शिकवला, आणि हसवायला म्हणून पाबूदानला विकलंही यानंच. मग पाबूदान, आणि त्याच्या नावापुढे जमेला ते अकरा, एकेकाच्या नावानिशी. लाधूराम सगळ्यांत शेवटी. कुणाच्या खात्यावर काय, ते नीट मांडा. एवढं करा. हिशोब खरा ठेवा.