बैलांचा न्यूट्रल

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे लोक ब्रेकचा आणि गिअरबॉक्सचा खून करतात! आम्ही नवरदेवाला घेऊन वेल्ह्याला निघालो, तर जीपवाले तात्या तेच करत होते, तेही इंजिन बंद करून. मार्गासनीला उतार संपला आणि जीप सुरूच होईना. मुहूर्त तासावर आलेला. शेवटी एका शेतकऱ्याने जीपला दोराने बैल जुंपले.

तात्यांनी विचारलं, "आता तरी टाकू का न्यूट्रलला?"

"अजिबात नाही! गिअरमध्येच राहू द्या," मी कॉलेजात शिकलेलं तत्त्व सोडलं नाही.

बैलांनी हिसका दिला, इंजिन धडधडलं आणि जीप बैलांच्याच मागे लागली. ब्रेक उतारावरच तापून निकामी झाले होते. बैल उधळले. मागून धावत शेतकरी ओरडला, "आवो कालेजवाले, तुमचा मुहूर्त ऱ्हाऊ द्या! आदी माजी बैलं न्यूट्रलला टाका!"