घटाचा दिवा

नवरात्रात अमरावतीच्या देवळात दिवा लावायला सुमित्राताई रांगेत उभ्या होत्या. पुढं दोघी बोलत होत्या.

"काहून वं, तुमच्या सोयाबीनची गंजी जळली म्हणे?"

"जळली नाही, पेटवली."

"कोनं?"

"सासूनं."

"नऊ दिवस अनवाणी राहते ते बाई?"

"तेच. वाटणीवरून दोघं भाऊ पेटले होते. आमच्या ह्यायच्या हातात कुऱ्हाड, देराच्या हातात विळा. बुढीनं घटापुढच्या अखंड दिव्यावर काकडा धरला, अन् गंजीले लावला."

"घटाच्या दिव्यानं?"

"मंग देवीले म्हणे, हे घे, पोरं नको घेऊ."

"अन् भाऊ?"

"दोघं मिळून पाणी मारत होते."

"ताई, लावा ना दिवा," दोघी दिवे लावून पुढं गेल्यावर मागून कुणी म्हणालं. ज्योत समोर होती, पण सुमित्राताईंना तिच्यात जळती गंजी दिसत होती; हातातली वात तशीच, न पेटवलेली राहिली.