साठला थरथरते

सेलो : ...म्हणून म्हणतो, फार खोलात शिरू नकोस. पुढून एक नजर टाक आणि सांगून मोकळी हो, खड्ड्यात आदळली म्हणून.

जोवेलिन : निनोंग, जीप अजून जॅकवरसुद्धा चढली नाही आणि तुमचा निकाल लागलापण? मग माझ्या गॅरेजात कशाला आणलीत?

पुरिंग : मी आणायला लावली. बस गं जोवेलिन, आधी ऐकून घे. आमचा जावई अर्नेल ही घेऊन बंदरावर गेला होता. परत आला आणि म्हणाला, स्टिअरिंग थरथरतंय. झालं! ह्यांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. तीन आठवडे झाले, जावयाशी एक धड शब्द नाही.

सेलो : छत्तीस वर्षं चालवतोय मी. पत्रासुद्धा माझ्यासमोर ठोकून घेतलाय. कधी थरथरली नाही. त्याच्या हातात गेली आणि थरथरली.

पुरिंग : आणि आज दोनच्या बसने अर्नेल, आमची रोविना आणि नात किकाय लुसेनाला निघालेत. त्याच्या आईकडे. राहायला, कळलं का? बॅगा दारात आहेत. मी शेवटी दोघांकडून कबूल करून घेतलं, जोवेलिन सांगेल ते खरं. अर्नेलची चूक असेल तर तो माफी मागेल. नसेल तर हे मागतील.

सेलो : तो मागेल. ती बोय माशांची पिशवी ओल्या फडक्यात ठेव गं, खराब होतील. आज पहाटेचेच आहेत. सिनिगांगचा आंबट रस्सा कर मस्तपैकी.

जोवेलिन : मासे देऊन पंचाला फितवताय का?

सेलो : छे! निनोंग आहे मी तुझा, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तुला हातात कुणी धरलं होतं?

जोवेलिन : तुम्हीच. आणि मी तुमच्या शर्टावर काय केलं तेही आई सांगते. सरका आता.

(जोवेलिन जॅक लावते. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटतात.)

जोवेलिन : किती वेगाला थरथरते?

सेलो : सगळ्याच.

पुरिंग : अजिबात नाही. पन्नासपर्यंत छान चालते. साठला सुरू होते, इतकी की माझे दात वाजतात. ऐंशीला परत शांत.

सेलो : तू काट्याकडे बघत होतीस?

पुरिंग : तुमच्या शेजारी बसून दुसरं काय बघणार? रस्त्याकडे बघवत नाही.

जोवेलिन : हे बघा, चाक वरखाली हलवते. काही वाजलं? नाही. म्हणजे बेअरिंग ठीक. आता डावी-उजवीकडे. काही नाही. टाय रॉड ठीक. किंगपिन घट्ट. रिम फिरवून बघते... सरळ आहे. निनोंग, खड्ड्यात एवढी जोरात आदळली असती तर ह्यातलं काहीतरी तरी वाकलं असतं.

सेलो : नीट बघ. चष्मा लाव.

जोवेलिन : मला चष्मा नाही.

सेलो : मग घे एक.

जोवेलिन : आता गंमत बघा. चाक हाताने फिरवून सोडते. थांबलं. खाली आलं तिथे खडूची खूण. परत फिरवते. निनांग, खूण कुठे थांबली?

पुरिंग : खालीच.

जोवेलिन : परत.

पुरिंग : अगं, परत खालीच! भूतबीत आहे की काय?

जोवेलिन : भूत नाही, वजन. चाक एका बाजूला जड आहे. जड बाजू आपोआप खाली येते. जोरात फिरलं की तीच बाजू गाडीला हिसके देते. म्हणून तर ईस्टरच्या आधी मी ह्या चाकांना शिशाचे तुकडे लावून तोल साधला होता. डाव्याला तीन, उजव्याला तीन. कुठे गेले?

सेलो : पडले असतील.

जोवेलिन : सहाच्या सहा?

सेलो : खड्ड्यात आदळली ना! बघ, मी म्हणतच होतो! आदळली आणि पडले. पुरिंग, लाव फोन त्याला. सांग, जोवेलिनने सांगितलं.

पुरिंग : जोवेलिनने अजून काही सांगितलेलं नाही.

जोवेलिन : निनोंग, इकडे या. वाका जरा. रिमवर गंज आहे आणि मध्येच हे तीन चकचकीत डाग. शिसं होतं तिथले. बाजूला हे ओरखडे दिसतात? हे पक्कडीचे. खड्ड्याला पक्कड धरता येते का?

सेलो : मला गुडघ्यामुळे वाकता येत नाही.

पुरिंग : पहाटे पाण्यात उतरून पाग फेकून मासे धरताना बरं वाकता येतं! ... थांबा. सेलो, तुमचा नवा पाग विणून कधी झाला?

सेलो : आठवत नाही.

पुरिंग : मला आठवतं. अर्नेल बंदरावर गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी. दुपारी तोंड पाडून बसला होतात, कडेला लावायला शिसं कमी पडतंय म्हणून. दुकान बंद होतं. आणि दिवेलागणीला शीळ घालत आत आलात, झालं म्हणून!

जोवेलिन : निनांग, पाग कुठे आहे?

सेलो : घरी.

पुरिंग : मागच्या सीटखाली. हे कुठेही जाताना पाग बरोबर नेतात. माझा नंबरसुद्धा त्या पागानंतर.

जोवेलिन : बघू... हे गोल गोल मणी दुकानातले. आणि हे सहा लांबट. हातोडीने ठोकून दोरीला गुंडाळलेत. निनोंग, ह्यावर आकडा आहे. पंचवीस ग्रॅम. इथे वीस. हे कुठल्या दुकानातले?

सेलो : दे तो पाग इकडे.

जोवेलिन : माझ्या बाप्तिस्म्याला फादरांसमोर तुम्ही सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या फसवणुकीचा त्याग केला होता. मोठ्याने. आईकडे फोटो आहे.

सेलो : अगं पण पंचवीस ग्रॅम! एवढ्याशा तुकड्याने एवढी मोठी जीप हलते, हे कुणाला माहीत? मला वाटलं, गॅरेजवाले शोभेला लावतात. आईशप्पथ, मला आत्ता खडू खाली आला तेव्हा कळलं.

पुरिंग : आणि कळल्यावर काय केलंत? म्हणे लाव फोन!

सेलो : घाबरलो मी.

पुरिंग : कुणाला?

सेलो : तुला. आणि त्याला. तीन आठवडे त्या पोराला मी खड्डा, खड्डा म्हणून टोचतोय. जेवायला बसला की उठतोय मी. किकायसमोर म्हणालो, तुझ्या बापाला सायकलसुद्धा देऊ नये. पोर रडली. आता कुठल्या तोंडाने...

पुरिंग : आहे त्याच तोंडाने. दीड वाजलाय. हा घ्या फोन, स्पीकरवर लावलाय, रिंग जातेय.

सेलो : जोवेलिन, तू सांग ना. पंच तू आहेस.

जोवेलिन : पंचाचा निकाल झाला. मी नवीन शिसं लावते. तुम्ही तुमचं काम करा.

अर्नेल : हॅलो, नाय? आई, आम्ही ट्रायसिकल रिक्षात बसतोय. स्टँडवर पोचलो की करतो फोन.

सेलो : अर्नेल. मी आहे.

अर्नेल : ताय? बाबा, तुम्ही?

सेलो : जेवलात का?

पुरिंग : सेलो!

सेलो : सांगतोय, सांगतोय. अर्नेल, तू गाडी कुठे आदळली नाहीस. चाकाचं शिसं मी काढलं. पागाला लावलं. चूक माझी आहे. तुझी अजिबात नव्हती. मला माफ कर. हे किकायलाही सांग. नको, तिला मी सांगतो.

अर्नेल : मला माहीत होतं, ताय.

सेलो : काय माहीत होतं?

अर्नेल : तुम्ही संध्याकाळी पक्कड घेऊन चाकाशी बसला होतात, मी बघितलं होतं. मला वाटलं, हवा बघताय. स्टिअरिंग थरथरलं तेव्हा उतरून चाकं बघितली, तर शिसं नाही. मग लक्षात आलं.

सेलो : अरे गाढवा! मग तीन आठवडे तोंड शिवून का बसलास?

अर्नेल : सांगायलाच आलो होतो. तुम्ही किल्ली घेतलीत आणि पाठ फिरवलीत. नंतर रोज तुमच्या पागातले मासे ताटात. ते खात खात कसं सांगू?

पुरिंग : हसू नकोस गं जोवेलिन, स्पॅनर पडेल पायावर.

सेलो : अर्नेल, ट्रायसिकलवाल्याला थांबव. बॅगा उतरव.

अर्नेल : रोविना ऐकणार नाही, ताय. ती माझ्यापेक्षा जास्त दुखावली आहे. आणि खरं सांगू का, शिशाचं मला काही वाटलं नव्हतं. वाटलं ते किकायसमोर बोललात त्याचं.

सेलो : काय वाटलं?

अर्नेल : जाऊ दे आता.

सेलो : जाऊ दे नाही. तेव्हा मी पाठ फिरवली. आता सांग. मी ऐकतोय.