स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा बोंगो

वाद्यांच्या दुकानातल्या रांगेत, दुरुस्तीला आणलेली बाजाची पेटी कडेवर सांभाळत उभ्या असलेल्या गाण्याच्या बाई आता अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. पुढचे आजी-आजोबा दुकानदाराने दाखवलेल्या एका स्वस्तातल्या, लहान-मोठ्या ढोलांची जोडी असलेल्या बोंगोवरून हलायलाच तयार नव्हते.

"अहो, तुम्ही वाजवा. मी दारापाशी जाते."

"तिकडे कशाला?"

"आपलं स्वयंपाकघर एवढंच लांब आहे. हं, वाजवा!"

"आलं का ऐकू?"

"लहान ढोलाचं येतंय. मोठ्याचा घसा बसलाय."

"काकू, या किमतीत असंच असतं. पण थांबा, मोठ्याचं चामडं सैल पडलंय. पान्यानं आवळून देतो. काका, वाजवा आता."

"आता कसं खणखणीत!"

"अगं, पण जन्मभर तूच ओरडत आलीस ना? टेबल बडवू नका, डबे बडवू नका, डोकं उठतं म्हणून?"

"ओरडणारच! एक डबा धड ठेवला नाहीत. सगळ्यांना पोचे."

"काका, मग हा दुसरा न्या. भाव तोच, आवाज मऊ. खोलीचं दार लावून वाजवलंत, तर घरात कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"हा बेस्ट! हाच घेऊ या का गं?"

"नको."

"का? तुझ्याच डोक्याला आराम."

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा भरपूर झाला आराम. दादा, तो पहिलाच बांधा. आणि पानाही द्या बरोबर. सैल पडला तर मीच आवळीन."