हळदीकुंकवाला नाव आठवलं नाही

आम्ही परभणीकडचे शेतकरी, निजामाच्या राज्यातले. बापानं मला निजामाच्या राजधानीत, काचीगुड्यात दिली, आमचे हे रेल्वेत कारकून. काय सांगू तुम्हाला, रोज ज्वारीच्या भाकरी थापायच्या, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तरकारीला पायी कोठीच्या बाजारात जायचं आन् भरली पिशवी घेऊन पायीच यायचं. त्याला व्यायाम म्हणतात हे मला म्हातारपणी कळलं.

मग त्या बाहेरच्या कंपन्या आल्या ते दिवस. आमच्या सुधाकरला मोठी नोकरी लागली, घरात रंगीत टीव्ही आला, केबल आली, कपडे धुवायची मशीन आली. लेक म्हणला आई, लई केलंस, आता बस. सून पुण्याची, गुणाची पोरगी, ती म्हणली भाकरी कशाला थापता, ब्रेड आणलाय. मी बसले. बसले ते बसलेच, दिवसभर मालिका, चहा, बिस्किटं, पुन्हा चहा. गुडघे धरले, अंग सुटलं, गॅसवर ठेवलेलं दूध ध्यानात राहीना. मला वाटलं वय झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी गेले, बायका म्हणल्या काकू, नाव घ्या. आता आमच्यात नवऱ्याचं नाव एरवी तोंडानं घेत नाहीत, मी जन्मभर अहो म्हणले, नाव घ्यायचं ते उखाण्यात. मी उखाणा सुरू केला, नावापाशी आले, तर नावच नाही. बायका हसल्या, म्हणल्या या वयात लाजतात बगा. मी लाजले नव्हते हो, भ्याले होते. घरी आले, दाराच्या पाटीवर नाव आहे, पण तेलुगूत आन् इंग्रजीत, मला दोन्ही वाचता येत नाही. मग ह्यांच्यापुढं उभी राहिले आन् विचारलं, अहो, तुमचं नाव काय? ते हसले नाहीत. पेपर बाजूला ठेवला आन् हळूच सांगितलं.

सुधाकरनं कोठीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणला शुगर वाढली, बसून बसून अंगाबरोबर डोकं बी बसायलंय, ब्रेड बिस्किटं सोडा, रोज चाला, सगळं परत येईल असं मी म्हणत नाही, पण असंच बसलात तर नक्की बिघडेल. लेकानं त्यातलं बिघडेल तेवढंच ऐकलं. घरी येऊन म्हणला आई, आता एकटीनं बाहेर जायचं नाही, हरवशील. मी म्हणलं, हरवायला बाहेर जावं लागत नाही बाबा, मी या सोफ्यावर बसल्या बसल्याच हरवले.

दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली आन् निघाले. मागं बगते तर हे, छत्री घेऊन लपत छपत यायलेत. म्हणलं यायचं तर बरोबर या, नाहीतर घरी जा. बरोबर आले. माळ्यावरची परात काढली, पुन्हा भाकरी थापायला लागले. एकदा एकटी होते तवा गल्ली चुकले बी, एकाला विचारलं भैया, काचीगुडा स्टेशन किधर, त्यानं दाखवलं, त्यात काय मोठं? सुधाकर मात्र लई दिवस बोलला नाही माझ्याशी. भाकरी खायचा पण बोलायचा नाही.

पुढच्या संक्रांतीला बायका मला नाव घ्या म्हणेनात, बिचकायल्या. मीच म्हणलं, हौ, मला विचारा की. ज्वारीची भाकरी, अंबाडीचा पाला, भगवानरावांच्या बरोबरीनं चालते मी कोठीला.

आता ते नाहीत. मी आजबी विसरते, चष्मा विसरते, सकाळी सुनेनं काय सांगितलं ते विसरते, औषध घेतलं का नाही ते तिलाच विचारते. आन् विधवा बाईला कोणी नाव घ्या म्हणत नाही. न म्हणू द्या. मी रोज सडकेनं चालता चालता मोठ्यानं घेते, भगवानराव, भगवानराव. लोक बगतात, बगू द्या. तुम्ही बी चालत राहा बाळा, देव तुमचे गुडघे शाबूत ठेवो. माझं म्हणाल तर ज्या दिवशी ते नाव तोंडात येणार नाही, त्या दिवशी बी मी चालतच असेन.